पोटखराब माळाची कैफियत

परळी वैजनाथहून लातूर रोडकडे निघालेली आगगाडी बालाघाटाचा चढ चढून वर आली, म्हणजे खिडकीबाहेरचा मुलूख पालटू लागतो. काळ्या जमिनीचे पट्टे आखूड होत जातात, त्यांच्या मधून बोरी-हिवरांच्या खुरट्या झुडपांनी विखुरलेला मुरमाड, गवताळ माळ डोके वर काढतो, आणि अशाच माळांच्या सोबतीने अंबाजोगाई तालुक्यातील घाटनांदूर हे स्थानक येते. गाव बाजारपेठेचे असून रेल्वेमुळे आसपासच्या खेड्यांचा त्याच्याशी नित्याचा व्यवहार आहे. परंतु गळ्यात दुर्बीण आणि खांद्यावर लांब नळीची लेन्स अडकवून, केवळ पक्ष्यांची छायाचित्रे घेण्याच्या हेतूने, कोणी प्रवासी या स्थानकावर उतरल्याचे सहसा ऐकिवात येत नाही. बीड जिल्ह्याचे नायगाव मयूर अभयारण्य, जे १९९४ साली घोषित झाले आणि ज्याचा विस्तार सुमारे ३० चौरस किलोमीटर आहे, ते दूर पाटोदा तालुक्यात पडते. घाटनांदूरच्या वाट्याला माळ, गायरान, ओढ्याकाठची बाभूळबने, विहिरी आणि पाझर तलाव एवढेच आले आहे. या तालुक्यातल्या ज्या तरुणांना, शिक्षकांना, डॉक्टरांना वा नोकरदारांना अलीकडे पक्षीछायाचित्रणाचा छंद जडला आहे, ते सुटीचा दिवस साधून येथून बाहेर जातात, आणि त्यांनी घरच्याच शिवारात कॅमेरा काढावा, असे आग्रहाने सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

बाहेर जाणे गैर आहे, असा माझा आक्षेप नाही. उजनीच्या फुगवट्यावर भिगवणला रोहित पक्ष्यांचे थवे पाहावेत, पैठणला जायकवाडीच्या काठी पट्टकदंब पाहावेत, २०२० च्या जानेवारीत महाराष्ट्रातील पहिले रामसर क्षेत्र म्हणून जाहीर झालेल्या नांदूर मधमेश्वरला हिवाळी बदकांचे मेळे पाहावेत, यात आनंद आहे आणि शिक्षणही आहे. परंतु जेथे दर रविवारी शेकडो लेन्स एकाच पाणथळीवर रोखलेल्या असतात, तेथे आणखी एका लेन्सने टिपलेल्या रोहित पक्ष्याने जगाच्या माहितीत फारशी भर पडत नाही. आणि जेथे वर्षानुवर्षे एकही लेन्स फिरकलेली नाही, तेथे एका साध्या माळटिटवीचे, तारीख आणि ठिकाण यांसह जपून ठेवलेले छायाचित्र हा त्या भूमीचा पहिला लेखी दाखला ठरू शकतो. माझ्या मते या छंदाचे खरे मोल या दाखल्यात आहे.

असा दाखला कशासाठी हवा, हे कळण्यासाठी क्षणभर महसुली दप्तराकडे वळले पाहिजे. सातबाराच्या उताऱ्यावर लागवडीयोग्य क्षेत्राखाली पोटखराब्याचे रकाने असतात. जी जमीन खडकाळ वा मुरमाड असल्यामुळे नांगराखाली येऊ शकत नाही, तिची नोंद तेथे होते आणि तिच्यावर आकारणी बसत नाही. गावाच्या सामाईक गुरचरणाची नोंद गायरान म्हणून होते. देशाच्या पातळीवर पडीक भूमीचे जे नकाशासंग्रह केंद्र शासनाने उपग्रहांच्या साहाय्याने वेळोवेळी प्रसिद्ध केले, त्यांतही खुरट्या झुडपांचे असे पुष्कळसे माळ पडीक म्हणूनच दाखवले गेले. ज्याने ही व्यवस्था लावली त्याचा हेतू महसुलाचा होता, आणि त्या हेतूपुरती ती यथार्थही होती. परंतु आकारणी नसलेल्या जमिनीला काही किंमतच नाही, असा जो समज त्या दप्तरातून हळूहळू लोकांच्या मनात उतरला, त्याची फळे आज आपण पाहत आहोत. रस्त्यासाठी मुरूम हवा असेल तर तो माळावरून उचलावा, वृक्षलागवडीचे उद्दिष्ट गाठायचे असेल तर गवत उपटून माळावर खड्डे घ्यावेत, गावचा कचरा टाकायचा असेल तर तोही माळावर, आणि एखादा मोठा प्रकल्प आला तर प्रथम बोट दाखवावे तेही माळाकडेच. आणि हे सर्व करताना कोणाला असे वाटतही नाही की आपण कोणाच्या घरावर यंत्र फिरवीत आहोत.

वास्तविक त्या माळावर केवढा संसार चाललेला असतो! पावसाळ्याच्या तोंडी डोंबारी चंडोलाचा नर जमिनीवरून सरळ वर चढतो, पंख मिटून दगडासारखा खाली येतो, जमीन टेकण्यापूर्वी पुन्हा सावरून वर उसळतो, आणि हा खेळ तो थकेपर्यंत करीत राहतो. धाविक नावाचा देखणा पक्षी, ज्याच्या डोळ्यावरून पांढरी आणि काळी अशा दोन रेघा मानेपर्यंत गेलेल्या असतात, तो चार पावले धावतो, थबकतो, वाकून कीटक उचलतो आणि पुन्हा धावतो. पाहणाऱ्याने एकदा नजर काढली की मुरमाच्या रंगात तो असा मिसळून जातो की पुन्हा सापडू नये. हिवाळ्यात मध्य आशियातून आलेले भोवत्या जातीचे शिकारी पक्षी गवताच्या शेंड्यांवरून, पंख किंचित उचलून धरून, तरंगत फिरतात आणि रात्री गवतातच जमिनीवर मुक्काम करतात. तारेवर कापशी बसलेली असते, बोरीवर खाटीक, बांधावर नीळकंठ, आणि झुडपाच्या पोटात तित्तर व लावे.

याच माळावर राहणाऱ्या पखुर्डीविषयी थोडे विस्ताराने लिहावेसे वाटते, कारण तिच्याइतका माळाला वाहिलेला पक्षी विरळा. उन्हाळ्यात सूर्य कासराभर वर आला, म्हणजे पखुर्ड्यांचे लहान लहान थवे आपला विशिष्ट दुपदरी आवाज करीत पाण्याच्या दिशेने येतात. परंतु त्या एकदम पाण्यावर उतरत नाहीत. काठापासून काही अंतरावर उघड्या जमिनीवर त्या उतरतात, मान उंच करून निश्चल उभ्या राहतात, आणि धोका नाही अशी खातरी पटल्यावरच लगबगीने काठाशी येऊन काही घोट घेतात व भर्रकन उडून जातात. सगळा व्यवहार जेमतेम मिनिटभराचा. मात्र पिलांचे दिवस असले तर नर मागे रेंगाळतो. तो पोटापर्यंत पाण्यात उतरतो, अंग हालवून पोटाची पिसे पाण्याने चिंब करून घेतो आणि ते पाणी घेऊन कित्येक मैल उडत पिलांपाशी जातो. पिले त्याच्या पोटाखाली येऊन ती ओली पिसे चोचीत धरतात आणि पाणी ओढून पितात. ज्या पाझर तलावावर हे घडते, त्याच्या काठी छायाचित्रकार सूर्योदयापूर्वीच बाभळीच्या सावलीला जाऊन बसला, अंगावर मातकट कपडे घातले, आणि पक्षी पाणी पिऊन जाईपर्यंत जागचा हलला नाही, तर त्याला हे सर्व पाहायला मिळते. उलट तो उशिरा आला आणि काठाकाठाने चालू लागला, तर थवा पाणी न पिताच निघून जातो, आणि भर उन्हाळ्यातली ती एक फेरी चुकली म्हणजे पिलांवर काय प्रसंग गुदरतो, हे निराळे सांगायला नको.

साक्ष म्हणून छायाचित्राचे महत्त्व किती, याचा इतिहास आपल्याच मुलखात घडलेला आहे. बीड जिल्हा निजामाच्या राज्यात असताना, १९३१-३२ साली, डॉ. सलीम अली यांनी हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली, आणि तिचा वृत्तांत ह्यू व्हिसलर यांच्या टिपणांसह मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकातून प्रसिद्ध झाला. त्या काळी पक्षी अमुक ठिकाणी आहे, हे सिद्ध करण्याचा सर्वमान्य मार्ग म्हणजे तो बंदुकीने टिपून, त्याचे कातडे पेंढा भरून, तारीख-ठिकाणाच्या चिठ्ठीसह संग्रहालयात ठेवणे हा होता. आणि आज आपल्याला ते कितीही खटकले, तरी त्या चिठ्ठ्यांवरच आपल्या ज्ञानाचा पाया उभा आहे. पुढे सिंगापूरचे लोक वान थो यांच्यासारखा कॅमेऱ्याचा निष्ठावंत उपासक सलीम अलींच्या सहवासात आला आणि त्याने भारतातील पक्ष्यांची जी छायाचित्रे घेतली, त्यांनी बंदुकीवाचूनही पक्ष्याची नोंद किती समृद्धपणे करता येते, हे दाखवून दिले. इंग्लंडात तर त्यापूर्वीच किअर्टन बंधूंनी १८९२ साली घरट्याचे छायाचित्र घेण्यात यश मिळवले होते, आणि पक्ष्यांच्या जवळ जाण्यासाठी बैलाचे पोकळ कातडे तयार करून त्यात बसण्याची युक्तीही योजली होती.

परंतु या बाबतीतला सर्वांत बोलका दाखला महाराष्ट्रातला आहे. रानपिंगळा हे लहानसे घुबड १८८४ नंतर कोणाला निश्चितपणे आढळले नव्हते. १९१४ सालचा म्हणून त्याचा एक नमुना कर्नल माइनर्ट्‌झहॅगेन यांच्या संग्रहात होता खरा. परंतु तो जुन्याच संग्रहातून लांबवून त्यावर खोटी चिठ्ठी लावली असल्याचे पामेला रासमुसेन यांच्या शोधाने उघडकीस आले. त्यामुळे शोध घेण्याची ठिकाणेच बदलली, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड अ‍ॅबट यांना शहाद्याजवळच्या रानात तो पक्षी जिवंत दिसला. ११३ वर्षांनी भेटलेल्या त्या पक्ष्याला कोणी गोळी घातली नाही. त्याचे चित्रण केले, छायाचित्रे घेतली, आणि जगाने ती साक्ष ग्राह्य मानली. खोट्या चिठ्ठीचा मृत नमुना विज्ञानाला कित्येक दशके चुकीच्या वाटेला नेऊ शकला, आणि खऱ्या तारखेच्या जिवंत छायाचित्राने एका जातीला पुन्हा अस्तित्व मिळवून दिले. छायाचित्रकाराने या दोन्ही गोष्टी सदैव स्मरणात ठेवाव्यात असे मला वाटते.

कारण आजच्या छंदात सर्वांत दुर्लक्षिलेली वस्तू कोणती असेल, तर ती म्हणजे ही चिठ्ठी. पक्ष्याच्या डोळ्यातला प्रकाशबिंदू टिपण्यासाठी जे लोक तासन्‌तास श्रम घेतात, पार्श्वभूमी लोण्यासारखी मऊ दिसावी म्हणून पोटावर सरपटतात, तेच लोक ते छायाचित्र मित्रमंडळींना पाठवताना पक्ष्याचे नाव, गाव आणि दिनांक लिहिण्याचा कंटाळा करतात, आणि वर्षभराने ते चित्र कोठले होते हे त्यांनाही आठवत नाही. आजचा कॅमेरा तारीख आणि वेळ आपण होऊन नोंदवतो; त्यात गावाचे नाव, शक्य तर गट क्रमांक, जमीन गवताळ की नांगरलेली, पक्षी किती होते आणि काय करीत होते, एवढे चार शब्द वहीत उतरले की काम झाले. असे छायाचित्र अस्पष्ट असले तरी चालते, पक्षी चित्रात इवलासा असला तरी चालते. किंबहुना ज्या चित्रात पक्ष्याबरोबर त्याचा माळ, गवत, मेंढरे आणि मागचा डोंगर दिसतो, ते पुरावा म्हणून अधिक मोलाचे. देशातील पक्ष्यांच्या स्थितीचा जो अहवाल २०२३ साली प्रसिद्ध झाला, त्यात ९४२ जातींचा विचार झाला असून १७८ जाती संवर्धनाच्या दृष्टीने अग्रक्रमाच्या ठरल्या आहेत. आणि हा सारा डोलारा तीस हजारांहून अधिक हौशी निरीक्षकांनी केलेल्या सुमारे तीन कोटी नोंदींवर उभा आहे. गवताळ आणि मोकळ्या प्रदेशातील पक्ष्यांची पीछेहाट झपाट्याने होत आहे, असा त्याचा एक प्रमुख निष्कर्ष आहे. असे असता बालाघाटाच्या माथ्यावरून त्या नोंदींत किती भर पडते, याचा विचार येथील प्रत्येक कॅमेराधारकाने मनाशी करावा.

आता या छंदाच्या ज्या अंगाविषयी मला अंतःकरणापासून चिंता वाटते, त्याकडे वळतो. मार्च ते मे हे महिने माळटिटवीच्या विणीचे. ती घरटे असे बांधतच नाही. उघड्या मुरमात एक उथळ खळगा, भोवती चार खडे, आणि त्यात टोके आत करून मांडलेली चार मातकट, काळपट ठिपक्यांची अंडी. दोन पावलांवर उभा असलेला माणूसही त्यांना खडे समजून पुढे जाईल, इतकी ती मुरमाशी एकरूप झालेली असतात. ज्या उन्हात शेतकरी औत सोडून लिंबाखाली येऊन टेकतो, त्या उन्हात ही टिटवी अंड्यांवर पाय अर्धवट वाकवून उभी राहते, आपल्या देहाची सावली त्यांच्यावर धरते, चोच उघडून धापा टाकते, आणि पाणी जवळ असले तर पोटाची पिसे भिजवून आणून अंड्यांना गारवा देते. तिचे हे अंड्यांवर बसणे ऊब देण्यासाठी असते असे आपण समजतो. भर दुपारी ते अंडी उन्हाने भाजू नयेत म्हणून असते. अशा वेळी एखादा उत्साही छायाचित्रकार घरट्याजवळ ठाण मांडून बसला आणि टिटवी आक्रोश करीत वर घिरट्या घालू लागली, तर तिने अंड्यांपासून दूर काढलेली थोडी मिनिटेही आतल्या जिवाचा अंत करण्यास पुरेशी होतात; शिवाय दुरून हे सर्व पाहणारा कावळा माणूस उठून जाण्याची वाट पाहत बसलेला असतो. त्या दिवशीचे छायाचित्र उत्तम येते, त्याची वाहवाही होते, आणि त्या चार अंड्यांचे पुढे काय झाले हे कोणी विचारत नाही.

या देशाच्या कायद्याने हा प्रश्न केवळ सदभिरुचीवर सोडलेला नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात शिकारीची जी व्याख्या दिली आहे, तिच्यात पक्ष्यांची अंडी नासवणे आणि अंड्यांना वा घरट्यांना उपद्रव देणे यांचाही समावेश आहे. म्हणजे हातात बंदूक नसली, तरी घरट्यासमोरच्या फांद्या छाटून, पिलांवर ऊन पाडून चित्र घेणारा माणूस कायद्याच्या दृष्टीने शिकाऱ्यांतच मोडतो. मोबाइलवर पक्ष्याचे ध्वनिमुद्रण वाजवून नराला प्रतिस्पर्धी आल्याचा भास करून देणे आणि तो चवताळून पुढे आला की छायाचित्र घेणे, मुंबई-ठाण्याच्या खाडीवर कुरव पक्ष्यांना शेव-गाठी टाकून जवळ बोलावणे, बसलेला थवा उडतानाचे दृश्य हवे म्हणून नाव त्याच्या अंगावर घालणे, घुबडाच्या ढोलीचा ठावठिकाणा जगजाहीर करून अमावास्येच्या अंधश्रद्धांना खाद्य पुरवणे, या सर्व रीती मी एकाच मापाने मोजतो आणि त्यांचा निःसंदिग्ध शब्दांत निषेध करतो. विणीच्या हंगामात घरट्याजवळ जाऊन छायाचित्र घेऊ नये, आणि कोणी घेतलेच तर त्याला शाबासकी देऊ नये, एवढा साधा दंडक गावागावातील छंदिष्टांनी आपसांत पाळला, तरी निम्मा अनर्थ टळेल.

जवळ जाण्याचे सभ्य मार्ग पुष्कळ आहेत, आणि शिवारात राहणाऱ्याला ते अधिक सुलभ आहेत. पक्षी औताला भीत नाहीत. नांगरटीच्या वेळी गायबगळे, कोतवाल, धोबी आणि मैना तासामागून चालत असतात, आणि जो छायाचित्रकार शेतकऱ्याच्या परवानगीने बांधावर बसून राहतो, त्याच्यापासून हातभर अंतरावर येऊन किडे टिपतात. विहिरीवर वाकलेल्या बाभळीला सुगरणींची वसाहत असते. विहिरीच्या दुसऱ्या काठावरून मोठ्या लेन्सने नराचे पाते-पाते विणणे पाहता येते, आणि त्यासाठी फांदीला हात लावण्याची गरज पडत नाही. पायी चालणाऱ्याला पाहून उडणारा भोवत्या उभ्या मोटारगाडीला मात्र फारसा बिचकत नाही. सकाळचा पहिला दीड तास आणि सायंकाळचा शेवटचा, सूर्य पाठीशी, उंची पक्ष्याच्या डोळ्याबरोबर, एवढे सांभाळले की तंत्राचा मोठा भाग हस्तगत झाला असे समजावे. उरलेला भाग पक्ष्याच्या सवयी जाणण्याचा आहे, आणि तो विकत मिळत नाही.

तो मिळवायचा असेल तर ज्यांच्याकडे तो पिढीजात आहे, त्यांच्याकडे गेले पाहिजे. मराठवाड्यातील फासेपारधी समाजाला तित्तर कोणत्या झुडपात रात्र काढतो, लावा कोणत्या वाटेने पाण्याला येतो, याचे जे ज्ञान आहे, ते ग्रंथांत सापडणार नाही. इंग्रजी राजवटीने १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारण्यास प्रारंभ केला आणि १९५२ साली तो कायदा रद्द झाल्यावरही समाजाने ज्यांच्याकडे संशयानेच पाहिले, त्यांत हा समाज आहे. त्यातील तरुणाला वाटाड्या म्हणून योग्य मोबदला देऊन सोबत न्यावे, आणि त्याने दाखवलेल्या पक्ष्याच्या नोंदीत त्याची संमती घेऊन त्याचे नाव लिहावे. मारुती चितमपल्ली यांनी वनखात्याच्या नोकरीत रानातल्या माणसांशी जी मैत्री जोडली आणि त्यांच्या तोंडची नावे व निरीक्षणे ज्या आदराने संग्रहित केली, त्या आदरातूनच त्यांचा पक्षिकोश समृद्ध झाला. धनगराचेही तसेच. मेंढरे माळ उजाड करतात असा सरसकट आरोप करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की माफक चराईने गवत आखूड राहते, आणि धाविक, चंडोल, माळटिटवी यांना अशीच आखूड गवताची उघडी जमीन हवी असते.

येथे एक इशारा देणे मला कर्तव्य वाटते. गायरान हा मराठवाड्यात केवळ गवताचा प्रश्न कधीच नव्हता. कित्येक भूमिहीन, विशेषतः दलित, कुटुंबांनी अशा जमिनीचे तुकडे कसून त्यांवर पोट भरले आहे, आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९६४ साली झालेल्या भूमिहीनांच्या देशव्यापी सत्याग्रहापासून त्या हक्काची मागणी सतत होत आली आहे. पक्ष्यांच्या छायाचित्रांचा पुरावा त्या कुटुंबांना हुसकावण्यासाठी कोणी वापरू लागला, तर तो या छंदाचा दुरुपयोग होईल. एकरभर कोरडवाहू ज्वारीने माळाचा जो भाग व्यापला, तो पक्ष्यांनी सहन केला आहे; यंत्राने एका रात्रीत मुरूम उचलून केलेला खड्डा मात्र त्यांना सहन होत नाही.

ज्वारीचे नाव निघाले म्हणून भोरड्यांविषयी दोन शब्द. रबी ज्वारी हुरड्यात आली की पूर्व युरोप आणि मध्य आशियातून आलेल्या या गुलाबी-काळ्या मैनांचे प्रचंड थवे कणसांवर उतरतात, आणि माळ्यावर उभा राहून गोफण फिरवणारा राखणदार दिवसभर आरोळ्या देत राहतो. शेतकऱ्याचे नुकसान होते, हे नाकारण्यात अर्थ नाही; परंतु हेच पक्षी टोळ आणि अळ्या यांचाही फडशा पाडतात, हेही तितकेच खरे. संध्याकाळी बाभूळबनावर मुक्कामाला येताना हजारोंचा तो थवा आकाशात वळसे घेऊ लागतो, तेव्हा राखणदारही गोफण खाली ठेवून पाहत उभा राहतो. आता ज्वारीची जागा सोयाबीनने घेतल्यामुळे हे दृश्य पूर्वीइतके सर्वत्र दिसत नाही. ते कोणत्या गावी, कोणत्या वर्षी, कोणत्या तारखेला दिसले याची छायाचित्रे आज जपली नाहीत, तर आणखी वीस वर्षांनी हा पालट किती झाला हे सांगणारा कागद कोणाकडेच असणार नाही.

ज्या जिल्ह्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास गावेच्या गावे ऊसतोडीला निघतात, तेथे लाखभराच्या कॅमेऱ्याचा छंद सांगणे कितपत उचित, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. परंतु ज्यांनी कॅमेरे घेतले आहेत, त्यांनाच मी हे सांगत आहे. आणि ज्यांच्याजवळ नाहीत, त्यांनी खर्च करावा असे मी मुळीच म्हणत नाही. जुनी दुर्बीण आणि साधी वही घेऊन केलेली नोंदही तितकीच ग्राह्य आहे, आणि गावातल्या एखाद्या शाळेने वा वाचनालयाने एक कॅमेरा सामाईक ठेवला, तर त्यावर दहा मुले हा छंद शिकू शकतात.

माळाची दखल वेळेवर न घेतल्याने काय होते, याचे उदाहरण सोलापूर जिल्ह्यात आहे. माळढोक हा एके काळी दख्खनच्या माळांवर सर्वदूर आढळणारा, मीटरभर उंचीचा, भारदस्त पक्षी. त्याच्यासाठी नान्नजचे अभयारण्य १९७९ साली घोषित झाले, तेव्हा त्याचा पसारा कागदोपत्री साडेआठ हजार चौरस किलोमीटर इतका अवाढव्य होता, आणि पुढे तो सुमारे बाराशेवर आणावा लागला. परंतु कागदावरील सीमारेषेच्या आतील माळ तोपर्यंत ऊस, वीजवाहिन्या आणि रस्ते यांनी तुकड्या-तुकड्यांत कापला गेला होता. आज देशभरात मिळून हे पक्षी दीडशेच्या आसपास उरले आहेत, बहुतेक राजस्थानात. आणि नान्नजला एखादा दिसला तर ती बातमी होते. बालाघाटाच्या माळांवर माळढोक केव्हा होता आणि केव्हा गेला, याचा तारीखवार दाखला देणारी छायाचित्रे आपल्यापाशी असती, तर त्याच्या नाहीसे होण्याची चाहूल कदाचित एक पिढी आधी लागली असती. धाविक आणि पखुर्डी अजून आहेत, आणि त्यांच्या बाबतीत हा उशीर टाळणे आपल्या हाती आहे.

त्यासाठी मार्गही कायद्यानेच उपलब्ध करून दिला आहे. २००२ च्या जैविक विविधता अधिनियमान्वये प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही ठेवावी, अशी तरतूद आहे. ती नोंदवही गावच्या लोकांनी, गावच्या माहितीवर, वेळोवेळी भर घालीत वाढवायची असते. ती पुष्कळ ठिकाणी एकदाच घाईने तयार होऊन कपाटात गेली, हा दोष तिचा नव्हे. महाराष्ट्र शासनाने चितमपल्ली यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सलीम अली यांचा जन्मदिवस १२ नोव्हेंबर यांमधील आठवडा पक्षीसप्ताह म्हणून पाळण्याचे २०२० साली ठरवले आहे. घाटनांदूर आणि पंचक्रोशीतील छायाचित्रकारांना माझी विनंती आहे की त्यांनी येत्या पक्षीसप्ताहात आपापल्या माळावरील पक्ष्यांची निवडक छायाचित्रे, मागे पक्ष्याचे नाव, दिनांक आणि गट क्रमांक लिहून, ग्रामपंचायतीत रीतसर अर्जासह दाखल करावीत, ती नोंदवहीत उतरवून घ्यावीत आणि पोच मागून घ्यावी.